नवी तालिका, जुने खण

सोमवार

ग्रंथालयात संगणकीय तालिका, म्हणजे पुस्तकांची शोधयादी, बसवली की पहिला फायदा दिसतो तो देवघेवीच्या टेबलावर. बारकोड वाचला की पुस्तक कोणाच्या नावावर आहे, परत कधी यायचं, मागणी लावून कोण थांबलंय, सगळं समोर. कार्ड आणि खिशाच्या पद्धतीत मागणी असलेलं पुस्तक परत येऊन गुपचूप कपाटात जाऊन बसायचं. इथे परत घेतानाच सूचना येते. म्हणून दोन दिवसांत सगळे खूश, आणि काम झालं अशी समजूत. खरी मेख इथेच आहे. देवघेवीला दाखल क्रमांक जुळला की भागतं. शोधाला अख्खी नोंद बरोबर लागते, आणि ती माणसानेच बसून करायची असते.

मंगळवार

जुन्या याद्या बहुधा एक्सेलमध्ये असतात. एक्सेल दाखल क्रमांक ००४५२ला ४५२ करतं, ३-११ हा बोधांक (पुस्तकाचा कपाटातला पत्ता) तारीख समजतं आणि तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा आखडून ठेवतं. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की पुढचे आकडे कायमचे गेले. उपाय सोपा, पण आधी करायचा: फाइलवर डबल-क्लिक करायचं नाही, आयातीच्या खिडकीतून उघडायची आणि हे तिन्ही स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचे.

त्याहून चिवट दुखणं युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या नोंदींचं. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, म्हणजे डोळ्याला दिसतो तसा. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकाने ही जागाबदल नीट केली नाही तर ‘कविता’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. सगळा साठा एका दमात परिवर्तित करण्याआधी दोनशे नोंदी हाताने तपासाव्यात, आणि त्या मुद्दाम जोडाक्षरांच्या, रफाराच्या निवडाव्यात. ‘कमल’, ‘नगर’ असले शब्द नेहमीच बरोबर उतरतात, त्यांवरून काही कळत नाही.

नंतर मार्क २१, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींचं प्रमाण स्वरूप; त्यात प्रत्येक माहितीला आकडी क्षेत्र असतं. लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या पट्टीच्या, ०९ या स्थानी रोमन ‘ए’ नसेल तर पुढची यंत्रणा नोंद युनिकोड नाही असं धरून चालते आणि देवनागरीचा चुराडा होतो. मार्क नोंदी फाइलमधून नेण्याच्या आयएसओ २७०९ या साच्यात एका नोंदीची कमाल लांबी ९९,९९९ बाइट. यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. एरवी ही मर्यादा आड येत नाही, पण एखाद्या नियतकालिकाचे शेकडो अंक एकाच नोंदीखाली असतील तर नोंद ओसंडते. तिथे मार्कएक्सएमएल, म्हणजे मार्कचंच एक्सएमएल रूप, वापरलेलं बरं.

बुधवार

आज फक्त एक शब्द: दऱ्या. आणि हा दुसरा: दर्‍या.

पडद्यावर दोन्ही सारखेच. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. दोघांनी दोन कळफलकांवरून नोंदी केल्या की तालिकेत दोन दऱ्या तयार होतात आणि वाचकाला त्यातली एकच सापडते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हा फरक मिटत नाही. एक रूप ठरवायचं, जुन्या नोंदींत मार्कएडिट या मार्क नोंदी संपादित करायच्या सॉफ्टवेअरने शोधा-बदला चालवायचं आणि शोधसूचीच्या नियमांतही तेच बसवायचं, कारण वाचक कुठल्या फोनवरून काय टंकेल यावर आपला ताबा नाही. कोहा या ग्रंथालय-प्रणालीत झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर शोधसूची आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या पद्धतीने बांधलेली आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं. नंतर बदललं तर पूर्ण सूची नव्याने बांधावी लागते.

शुद्धलेखनाचंही तसंच. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’ असतं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आहे तसंच शीर्षक मार्कच्या २४५ या क्षेत्रात घ्यायचं. ‘काही’ हे रूप २४६मध्ये. दोन मिनिटांचं काम, पण ते टाळलं तर पुस्तक कपाटात असून नसल्यासारखं.

गुरुवार

बाहेरून तयार नोंदी ओढून घेता येतात, झेड३९.५० या ग्रंथालयांमधल्या संगणकीय संकेताने, साधारण पोर्ट २१०. इंग्रजी पुस्तकांना वरदान. मराठी पुस्तकाची नोंद मात्र पुष्कळदा रोमन लिप्यंतरात येते; देवनागरी रूप असलंच तर ८८० या क्षेत्रात. ८८० शोधसूचीत धरलेलं नसेल तर ते नुसतं शोभेला. अशी नोंद घेऊन दुरुस्त करण्यापेक्षा कधीकधी कोऱ्या साच्यावर लिहिणं लवकर होतं.

शुक्रवार

नावं. ‘पु.ल. देशपांडे’, ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’: माणूस एक, यंत्राला चार. जुन्या तालिकापत्रांच्या खणात हात घालणाऱ्याला शेजारची पत्रं दिसत, त्यामुळे चूक खपून जाई. शोधखिडकी शून्य दाखवून मोकळी होते, आणि वाचक समजतो की पुस्तकच नाही.

म्हणून प्रमाण नोंदी: लेखकाचं एक ठरलेलं नाव, बाकीची रूपं त्याला जोडलेली. केशवसुत हे मुख्य नाव १००मध्ये, ‘दामले, कृष्णाजी केशव’ ४००मध्ये. दामले शोधलं तरी केशवसुत मिळतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचं गणित वेगळं: कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या. आरडीए या तालिका-नियमांप्रमाणे दोन्ही नावं मुख्य म्हणून ठेवायची आणि ५००ने एकमेकांकडे बोट दाखवायचं. ४०० घातलं की एक नाव पुसलं जातं.

प्रमाण नोंद दुरुस्त केली की जोडलेल्या सगळ्या नोंदी सुधारतात, ही या यंत्रणेची सगळ्यात मोठी देणगी. चुकीची दुरुस्तीही तितक्याच वेगाने पसरते. तेव्हा हा अधिकार एकाच्याच, फार तर दोघांच्या हाती असावा. देवघेवीच्या टेबलावर नको.

शनिवार

वीज गेली तर देवघेवीसाठी कागदी वही हाताशी हवी. बॅकअप रोज, आणि तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचा. न उघडलेला बॅकअप मी धरतच नाही.

जुन्या पत्रांचं काय? १ ऑक्टोबर २०१५ला ओसीएलसी या ग्रंथालयांना पत्रं पुरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने आपली शेवटची तालिकापत्रं छापली, तरी खण रिकामे करायची घाई नको. बारकोडने एक पूर्ण ग्रंथपडताळणी होईपर्यंत ते राहू द्यावेत. आणि रद्दीत घालण्याआधी प्रत्येक ७.५ बाय १२.५ सेंटिमीटरचं पत्र उलटून पाहावं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘नकाशा नाही’, ‘पाने १७–३२ दोनदा’, ‘लेखकाची सही असलेली प्रत’. यादीवरून केलेल्या आयातीत हे कुठेच येत नाही. पुस्तकाविषयी असेल ते पुस्तकाच्या नोंदीतल्या ५००मध्ये (प्रमाण नोंदीतलं ५०० वेगळं), त्या एका प्रतीविषयी असेल ते प्रतीच्या टिपेत, कोहात ९५२खाली.