मागचे शॉकअब्सॉर्बर आणि बुश घरी बदलताना

जुन्या गाडीचे मागचे शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंगा आणि बुश (सांध्यांत बसणारी रबरी नळकांडी) घरच्या घरी बदलणे हे कष्टाचे, पण आवाक्यातले काम आहे. मात्र नवे बुश वर्षानुवर्षे टिकतील की लवकरच फाटतील, हे त्यांमधून जाणारे बोल्ट शेवटी कोणत्या स्थितीत आवळले यावर फार अवलंबून असते, आणि घाईत नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम, त्यावर सुट्या स्प्रिंगा आणि वेगळे शॉकअब्सॉर्बर अशी रचना असलेल्या साध्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे. ज्या गाडीत स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरवरच दाबून बसवलेली असते, तिथे ती सोडवण्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर प्राणघातक इजा होऊ शकते, म्हणून ते काम सवयीच्या हातांकडे सोपवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी उचलण्यापूर्वी तपासणी करावी. खड्ड्यातून गेल्यावर मागची बाजू एकदा वरखाली होऊन स्थिर न होता डोलत राहणे, शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला थर दिसणे, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजणे, ही शॉकअब्सॉर्बर संपल्याची लक्षणे आहेत. स्प्रिंग बहुधा तिच्या सर्वांत खालच्या वेटोळ्यात तुटते, कारण पाणी आणि चिखल तिथेच साचून गंज धरतो. तुटलेला तुकडा स्प्रिंग टेकते त्या बैठकीतच राहिला, तर वरवर पाहणाऱ्याला तो दिसतही नाही. शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात, नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात.

गाडीची मागची बाजू उचलली की बहुतेक गाड्यांत हँडब्रेकचा काहीही उपयोग उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. म्हणून जमीन सपाट आणि पक्की असावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. याबाबतीत कोणतीही सवलत मला मान्य नाही.

गंजलेल्या बोल्टांचे काम आदल्या दिवशीच सुरू करावे. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. सहा कडांचे सॉकेट वापरावे. बारा कडांचे सॉकेट जुन्या नटाच्या कडा लवकर गोल करते. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचा नट फिरवताना आतला दांडाही सोबत फिरतो, तेव्हा दांड्याच्या टोकाला पान्यासाठी केलेली खाच धरून तो रोखावा. नव्या दांड्याच्या चकचकीत भागाला पक्कड कधीही लावू नये, कारण त्यावरचा लहानसा ओरखडासुद्धा तेलाचे सील कापत राहतो आणि नवा शॉकअब्सॉर्बर गळू लागतो.

बऱ्याच गाड्यांत बीमला खाली जाण्यापासून शॉकअब्सॉर्बरच रोखून धरतो, ही गोष्ट त्याचा खालचा बोल्ट काढण्याआधी लक्षात हवी. बीमखाली जॅक लावून त्याचा भार घ्यावा, मग बोल्ट काढावा आणि बीम हळूहळू खाली सोडत जावे. स्प्रिंग सैल होऊन हाताने बाहेर येते. या वेळी ब्रेकच्या रबरी नळ्या, हँडब्रेकच्या केबल आणि चाकाच्या सेन्सरच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे सतत पाहावे लागते. नवी स्प्रिंग बसवताना तिचे टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकले पाहिजे. नवा शॉकअब्सॉर्बर लावण्यापूर्वी, त्यासोबतच्या सूचनांत वेगळे सांगितले नसेल तर, उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून ओढावा, म्हणजे आडवा पडून असताना तेलात शिरलेली हवा निघून जाते.

आता बुशांकडे वळू. रबरी बुशमध्ये आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी नळी आणि दोहोंना कायमचे चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी कंसाच्या दोन पाळ्यांमध्ये घट्ट पकडली जाते आणि मुळीच फिरत नाही. बीमची सगळी हालचाल रबर पिळले जाऊनच होते. चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच आपली विश्रांतीची स्थिती मानते. गाडी जमिनीवर उतरताच ते पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच पिळलेले राहते. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ चढत जातो आणि रबर चिकटवलेल्या कडेपासून सुटू लागते. शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या बुशलाही हाच नियम लागू पडतो. पॉलियुरेथेनच्या बुशची गोष्ट वेगळी असते. त्यातली नळी ग्रीसवर सरकते, म्हणून तिथे स्थितीचे बंधन सहसा नसते.

यासाठी सगळे बोल्ट आधी केवळ टेकतील इतकेच आवळावेत. चाके लावून ती रॅम्पवर किंवा पक्क्या रुंद ठोकळ्यांवर टेकवावीत, मागची बाजू काही वेळा दाबून सोडावी आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळण्याच्या पान्याने) त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापाने बोल्ट आवळावेत. तशी सोय नसेल, तर काम सुरू करण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे आणि शेवटी बीमखाली जॅक लावून तेच अंतर आणावे. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, इकडे मात्र पूर्ण लक्ष हवे. जुन्या स्प्रिंगा वापराने दबून खचलेल्या असतील, तर नव्यांमुळे गाडीची उंची थोडी वाढते आणि हे माप तितकेसे खरे राहत नाही. म्हणून मला चाकांवरची पद्धतच अधिक भरवशाची वाटते.

बीममध्ये दाबून बसणारा बुश काढण्यापूर्वी त्याची दिशा बीमवर खुणेने नोंदवावी. पुष्कळ बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच यायला हव्यात. नवा बुश आत ओढताना साबणाचे पाणी वापरावे, कारण खनिज तेलाने रबर फुगते.

काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह एका दांडीने बीमला जोडलेला असतो. मागची उंची बदलली की त्याची जुळणी तपासून घ्यावी लागते, अन्यथा मागच्या ब्रेकला दाब कमी मिळू शकतो. पुढच्या दिव्यांचा झोतही त्याच कारणाने खाली झुकतो, तोही पाहावा. चाकांचे नट आणि बदललेले सर्व बोल्ट थोडे अंतर गाडी चालवल्यावर पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, आणि या वेळीही गाडी चाकांवरच उभी असावी.