आधी कोरा थेंब

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. ते ओसरलं, घराघरांतला चिखल उपसून झाला, आणि गणपती बसले त्याच आठवड्यात मामा तापाने फणफणला. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे मोडून निघालेले. आई रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन आहे. तिने दुसऱ्याच दिवशी डेंग्यूचं एनएस१ कार्ड लावलं. एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. सहाव्या दिवशी आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीची चाचणी, पॉझिटिव्ह निघालं, तोवर प्लेटलेट घसरले होते. मामा बरा झाला, पण ती एकटी रेघ माझ्या डोक्यात राहिली.

एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन. विषाणू पेशीत वाढतो तेव्हा ते रक्तात सोडलं जातं, तेही तापाच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून अँटिबॉडी तयार होण्याआधी तेच शोधतात. पण ज्याला डेंग्यू आधी एकदा होऊन गेलाय, त्याच्या जुन्या अँटिबॉडी या प्रोटीनला लगेच चिकटतात आणि कार्डावर ते पुरेसं पकडलं जात नाही. मामाचं तसंच झालं असणार, असं आईचं मत.

मी तेव्हा एमएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी सरांनी तीन विषय पुढे ठेवले, त्यातला एक ग्राफीनच्या सेन्सरचा होता. मी दुसरा-तिसरा नीट ऐकलाही नाही.

कल्पना फार सुंदर आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. त्याच्या दोन टोकांना सोन्याचे इलेक्ट्रोड लावले की त्यातून करंट वाहतो, आणि पापुद्र्याला आतली बाजूच नसल्यामुळे पृष्ठभागावर काहीही विद्युतभारित येऊन बसलं की तो करंट बदलतो. वर एनएस१ पकडणाऱ्या अँटिबॉडी रोवायच्या, रक्तद्रवाचा थेंब ठेवायचा आणि करंट बघायचा. ना रंग, ना एलायझा या लॅबमधल्या चाचणीसारखी तासन्‌तास धुलाई. अशी रचना म्हणजे एक ट्रान्झिस्टरच. ट्रान्झिस्टरला द्रावणात बुडवून मोजण्याचा विचार नेदरलँड्समध्ये पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्येच मांडला होता. २०२० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ग्राफीनवर कोरोनाचं स्पाइक प्रोटीन पकडून दाखवलं, बफरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या स्वच्छ खारट द्रावणात, मिलिलिटरला १ फेम्टोग्रॅमपर्यंत. एका ग्रॅमचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी, इतकं ते कमी. हा आकडा वाचून मला रात्री झोप आली नव्हती.

चिप तयार आणल्या होत्या, त्यामुळे ग्राफीन बसवण्याचं काम वाचलं. अँटिबॉडी थेट ग्राफीनला चिकटत नाही, म्हणून मध्ये पायरीन असलेला एक रेणू लावतात. त्याचं एक सपाट टोक ग्राफीनवर पोळीवर पोळी ठेवावी तसं बसतं, दुसरं अँटिबॉडीला धरतं. उरलेली मोकळी टोकं इथेनॉलअमाइनने बंद करायची, मग रिकाम्या जागा बीएसए या प्रोटीनने झाकायच्या, नाहीतर थेंबातलं काहीही तिथे येऊन बसतं. हे सगळं मला तीन आठवड्यांत जमलं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा एनएस१ टाकलं. द्रावणाला दिलेलं व्होल्टेज बदलत नेलं की करंटचा आलेख इंग्रजी व्हीसारखा येतो, त्याच्या तळाला डिरॅक बिंदू म्हणतात. तो बिंदू १८ मिलिव्होल्ट सरकला. शेजारच्या टेबलावरचा सीनियर ओरडला, “चाल्युं!” मी आलेखाचा फोटो आईला पाठवला.

रात्री ती भाकरी थापत होती. फोटोबद्दल एकच प्रश्न विचारला. “ब्लँक किती आला?”

ब्लँक म्हणजे प्रोटीन नसलेला कोरा थेंब. मी तो घेतलाच नव्हता.

ती रोज सकाळी पेशंटचं सँपल हातात घेण्याआधी मशीनवर कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सँपल, लावते. तिला हे इतकं सवयीचं की मी तसं केलं नसेन हे तिच्या लक्षातच आलं नाही. “अगं, मग १८ कशाचे ते तुला कसं कळणार?” एवढं म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रोटीन नसलेला थेंब टाकला. एनएस१ ज्या द्रावणात येतं तेच द्रावण, नुसतं. बिंदू १५ मिलिव्होल्ट सरकला.

तो दिवस वाईट गेला. खुर्चीत बसून राहिले. सर रागावले नाहीत. त्यांनी वहीत दोन शब्द लिहिले, मीठ आणि वेळ, आणि पुढचे तीन महिने त्या दोन शब्दांतच गेले.

मीठ असं. रक्तद्रवातले आयन प्रत्येक भारित रेणूभोवती गराडा घालतात आणि त्याचा भार झाकून टाकतात. तो भार किती लांबवर जाणवतो त्याला डिबाय लांबी म्हणतात. शरीरातल्या इतक्या मिठात ती जेमतेम ०.७ नॅनोमीटर भरते, आणि माझी अँटिबॉडीच १० नॅनोमीटर उंच. म्हणजे एनएस१ तिच्या माथ्यावर येऊन बसलं तरी खाली ग्राफीनला पत्ता नाही. बफर १०० पट पातळ केला तर ही लांबी वर्गमुळाच्या हिशेबाने दहापटच वाढते, साधारण ७ नॅनोमीटर. म्हणून अख्ख्या अँटिबॉडीऐवजी तिचा पकडणारा तुकडा तेवढा लावला, उंची निम्म्यावर आली. पण पातळ बफरमध्ये एक नवी कटकट होती. कुपीतलं प्रोटीन खारट द्रावणात होतं, ते टाकताच चिपवरचं मीठ बदलायचं आणि बिंदू सरकायचा. माझे १५ मिलिव्होल्ट तिथून आले होते. मग प्रत्येक वेळी प्रोटीन आधी छोट्या कॉलममधून गाळून चिपवरच्याच बफरमध्ये आणायला लागले. त्या कामाला अर्धा दिवस जातो आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं.

वेळ म्हणजे सरकण. ग्राफीन पाण्याखाली गेल्यावर बराच वेळ स्वतःहूनच सरकत राहतं. मला घाई असायची, दहा मिनिटांत मोजायला लागायचे. आता पाऊण तास काही न करता बसायचं ठरवलं आणि रेघ सपाट झाल्याशिवाय थेंबाला हात लावला नाही. शिवाय एकाच चिपवर दोन मार्ग ठेवले: एकावर अँटिबॉडीचा तुकडा, दुसऱ्यावर नुसतं बीएसए. मीठ, तापमान, सरकण दोघांना सारखंच लागतं, त्यामुळे दोघांतली वजाबाकी तेवढी खरी धरायची. कुपीतलं प्रोटीन पुन्हापुन्हा गोठवून-वितळवून मी एक अख्खी बॅच वाया घालवली, तेव्हापासून एका वेळेपुरतेच लहान भाग करून ठेवले.

मे महिन्यात पहिल्यांदा कोऱ्या थेंबाला वजाबाकी शून्याच्या आसपास राहिली आणि एनएस१ ला ६ मिलिव्होल्ट आली. फेब्रुवारीतल्या १८ पेक्षा हे ६ मला कितीतरी मोठे वाटले. तरी लगेच कुणाला सांगितलं नाही. आणखी चार चिपवर तसंच आलं तेव्हा आईला सांगितलं. तिने आधी ब्लँकचा आकडा मागितला, तो बघितला, मग म्हणाली, “हां, आता दाखव.”

रक्तद्रवात मात्र पूर्ण जमलं नाही. निरोगी माणसाचा रक्तद्रव १०० पट पातळ करून त्यात एनएस१ मिसळलं, तर जास्त प्रमाण ओळखता आलं. नॅनोग्रॅमच्या घरातलं, म्हणजे पेशंटच्या रक्तात अनेकदा असतं तेवढं, ओळखता आलं नाही. पातळ करताना मिठाबरोबर एनएस१ सुद्धा कमी होतं, यातून मला वाट सापडली नाही. रिपोर्टमध्ये हेच लिहिलं.

यंदा गणपतीला मामाने आरतीनंतर बोट पुढे केलं. “टोच की. कळेल का तुझ्या मशीनला?”

नाही म्हणाले. त्याच्या त्या दुसऱ्या दिवसाच्या रक्तात एनएस१ जुन्या अँटिबॉडींनी वेढलेलं असणार, ते आधी आम्लाने सोडवायला हवं, आणि आम्ल म्हटलं की चिपवर पुन्हा सगळं सरकणार. मामाने मोदक उचलला आणि विचारलं, “मग आम्ल टाकलेला कोरा थेंब घेतलास का?”

आईने त्याला बरंच काही सांगितलेलं दिसतंय. सोमवारी लॅबमध्ये जाऊन तो घेतला. ४० मिलिव्होल्ट.