मोजे घातलेली आई आणि तलावपाळीचं चर्च

आईने दाराशीच बूट काढले. मे महिना होता, पण इंग्लंडातल्या ब्लायबरोच्या चर्चमध्ये आपल्याकडच्या जानेवारीतल्या पहाटेसारखा गारठा. "इथे काढायची पद्धत नाही गं," मी म्हटलं. "तुझी नसेल," म्हणत ती मोज्यांवरच आत शिरली आणि चार पावलांवर थबकली. पायाखालच्या शिळेवर नाव कोरलेलं, खाली साल. पुढच्या शिळेवर आणखी एक नाव. जुन्या इंग्लिश चर्चमध्ये गावातल्या बड्या मंडळींना आतच पुरायचे, वरची शिळा म्हणजेच जमीन. मी नऊ वर्षांत अशा किती शिळांवरून बिनदिक्कत चालले असेन, देव जाणे. आई मात्र शिळांच्या सांध्यांवरून, लंगडी खेळल्यासारखी, अंग चोरत बाकापर्यंत पोहोचली. "माणसांच्या छातीवरून चालता तुम्ही?" असं तिने विचारलं. त्या 'तुम्ही'त मीही होते.

आमच्या इप्सविचपासून तासाभरावर, दलदलीच्या काठी हे पंधराव्या शतकातलं चर्च आहे. खेडं एवढंसं आणि वास्तू केवढी! लोकर आणि बंदराचा पैसा तेव्हा या भागात वाहत होता, त्याचा हा पुरावा. सफोक म्हणजे आमचा परगणा. इथे बांधायला धड दगड नाही म्हणून भिंती गारगोटीच्या, चुन्यात बसवलेल्या. नॉरफोक-सफोकात मिळून दीडशेहून अधिक चर्चचे मनोरे गोल आहेत. गारगोटीने कोपरा काढता येत नाही म्हणून ते गोल, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही, पण आईला लगेच पटलं. छताला लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले, मूळच्या रंगाच्या खुणा अजून अंगावर. त्यांच्या अंगात छर्रे सापडले तेव्हा खापर फुटलं 1640च्या दशकात मूर्ती फोडत हिंडणाऱ्या प्युरिटनांवर, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांवर. पुढे कळलं की अठराव्या शतकात गावानेच पैसे देऊन छतातले कावळे मारायला माणसं लावली होती. उत्तरेच्या दरवाजावर जळल्याचे डाग आहेत. 4 ऑगस्ट 1577ला प्रार्थना चालू असताना वादळात मनोऱ्याचं शिखर कोसळलं, माणसं दगावली, आणि लोक म्हणाले, काळा कुत्रा आला होता, हे त्याच्या पंजांचे डाग. आई म्हणाली, "वेताळाच्या गोष्टी तुमच्याकडेही आहेत म्हणजे." एकाच दुपारी दुसऱ्यांदा 'तुमच्याकडे'.

तिथून जेमतेम दोन मैलांवर वेनहॅस्टनचं चर्च. या लिखाणाचं खरं कारण ते. दार नुसतं लोटलेलं. कुलूप नाही, पहारेकरी नाही, तिकीट नाही. दानपेटी आणि अभिप्रायाची वही, बस्स. असं दार ढकलताना मला अजूनही चोरी करतेय असं वाटतं. आपल्याकडे रिकाम्या देवळातही कोणी ना कोणी असतंच, निदान चपला सांभाळणारी बाई तरी.

आत भिंतीवर एक मोठं चित्र, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, पंधराव्या शतकाच्या अखेरीचं. कयामतीच्या दिवसाचं. इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, तराजू धरून आत्मे तोलणारा देवदूत मायकेल, शेजारी हिशेबाला हरकत घेणारा सैतान, आणि उजवीकडे अवाढव्य माशाचा जबडा म्हणजे नरक. डावीकडे सेंट पीटरसमोर ओळीने नागडी माणसं उभी आहेत. कोण कोण ते फक्त डोक्यावरून ओळखायचं: एकाला मुकुट, एकाला बिशपची टोपी, एकाला कार्डिनलची. बाकी अंगावर सूतही नाही. आई कितीतरी वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "चित्रगुप्त कुठे आहे?" तराजूवाला दाखवला. "त्याच्याकडे वही नाही," ती म्हणाली. खरंच नाही.

सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिकचं प्रोटेस्टंट झालं आणि सहाव्या एडवर्डच्या राज्यात देशभर चर्चमधल्या चित्रांवर चुना फिरला. हे मी आईला जरा जोरातच सांगितलं, कारण मूर्ती फोडण्याच्या गोष्टी निघाल्या की आपल्याकडे कायम बाहेरून आलेल्यांचंच नाव येतं. इथे यांनी स्वतःचंच पुसलं. वेनहॅस्टनच्या फळ्यांवरही चुना चढला, वर बायबलची वचनं लिहिली गेली. खाली काय आहे हे गाव विसरून गेलं. 1892मध्ये दुरुस्ती निघाली तेव्हा या फळ्या अडगळ म्हणून बाहेर अंगणात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी चुना वाहून गेलेला आणि फळ्यांवरून डोळे बघतायत. मधल्या कोऱ्या जागा दिसतात त्या क्रूस आणि त्याच्या दोन बाजूंच्या मूर्ती होत्या तिथल्या. मूर्ती गेल्या, सावल्या राहिल्या.

मी तीन वेळा ते चित्र पाहिलंय आणि तिन्ही वेळा त्या पावसाचाच विचार केलाय. रात्र कोरडी गेली असती तर फळ्यांचं सरपण झालं असतं.

फुलं बदलायला एक आजोबा आले. या आठवड्याची फुलांची पाळी त्यांची. वहीत आईने 'ठाणे' लिहिलेलं पाहून विचारलं, तुमच्या गावी जुनी चर्च आहेत का? मी ताठ झाले. म्हटलं, आहे ना, तळ्याकाठी, सेंट जॉन द बॅप्टिस्ट, पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांच्या काळातलं, साल 1582. "अरे वा, म्हणजे तसं अलीकडचंच," आजोबा अगदी सहज बोलले. कुत्सितपणा नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. मग त्यांनी विचारलं, आत चित्रं आहेत का, छत लाकडी आहे का?

मला माहीत नव्हतं. चरईत वाढले मी. तलावपाळीला रोज संध्याकाळी फेरी, कोपिनेश्वराला सोमवारी, गडकरीला नाटक, आणि त्या फाटकासमोरून हजार वेळा गेले असेन. आत एकदाही नाही. कोणी अडवलं नव्हतं. आपलं नाही ते, एवढंच. परधर्माच्या जागेत उगाच का घुसायचं, हा संकोच म्हणजे सभ्यताच नाही का? असं मी स्वतःला गाडीत समजावलं. पण सफोकमध्ये तो संकोच कुठे गेला होता, याचं उत्तर सुचेना.

रात्री वाचत बसले, हिशेब चुकता करायला. सापडलं: 1321मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. त्यांची हाडं पुढे पोर्देनोनेच्या ओडोरिकने, त्याच पंथाच्या एका प्रवाशाने, थेट चीनला नेली. म्हणजे वेनहॅस्टनचं चित्र रंगायच्या दीडशे वर्षं आधी ठाणं युरोपात ठाऊक होतं! आजोबांना पत्रच लिहिणार होते. मग लक्षात आलं, पुरावा काय, तर पाहुणे मारले. (तेव्हा दिल्लीच्या सुलतानांचा अंमल होता, आपण नव्हे. हे वाक्य मी लगेच जुळवून ठेवलं.) घंटांचंही तसंच. 1739ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकराला लागल्या. हे आपण अभिमानाने सांगतो, मीही सांगते. इथे गावकरी रविवारी दोर ओढून घंटांचे क्रम बदलत वाजवतात, सात घंटांचे 5,040 क्रम होतात. ते ऐकताना आपली एखादी कुठे गेली असं या मंडळींना वाटलं असतं तर, एवढं मनात येऊन गेलं. फार काळ नाही.

इंग्लंडला येणार असाल तर लंडनच्या चाकात बसून पैसे घालवू नका. फेअरफर्डला मध्ययुगीन काचेच्या 28 खिडक्या पाहा, एसेक्सच्या ग्रीनस्टेडला ओकच्या ओंडक्यांची भिंत पाहा. चेस्टरफील्डचा पिळलेला मनोरा तर नक्कीच. ओलं लाकूड वापरलं आणि वर शिसं चढवलं, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेल्यांना जास्त काही सांगायला नको.

आई जूनमध्ये परतली. परवा फोनवर म्हणाली, तलावपाळीच्या चर्चमध्ये जाऊन आले. मी उडालेच. छत कसं आहे, फोटो काढलास का?

"फोटो कसले काढतेस, मिस्सा चालू होती. शेवटच्या बाकावर बसले. चपला पिशवीत घेतल्या होत्या."

"आणि छत?"

"पंखे होते."