भाकरी सोडलेला रुग्ण

सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्या भागात मधुमेहाच्या रुग्णाला आहार सांगायचा म्हणजे बहुतेक वेळ भाकरीचा हिशेब करण्यातच जातो. चारच्या दोन करा, भात वाटीभर ठेवा, वरण पातळ नको, घट्ट करा, पालेभाजी वाढवा, असे ते नेहमीचे बोलणे असते. ज्या रुग्णाविषयी मी लिहीत आहे, त्याला मात्र भाकरी पुन्हा कशी सुरू करायची हे ठरविण्यासाठी मला अतिदक्षता विभागातून बोलावणे आले होते.

आषाढी द्वादशीची संध्याकाळ होती. रुग्ण मंगळवेढा तालुक्यातील शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे. ज्या काळ्या जमिनीतील मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती ज्वारी त्यांच्या घरच्या कणगीत भरलेली असते. आदल्या रात्रीपासून त्यांना उलट्या होत होत्या, पोटात कळा येत होत्या आणि श्वास असा खोल व जलद चालला होता की वाक्य पुरे करणे त्यांना जमत नव्हते. घरच्यांनी घरीच ग्लुकोमीटरवर शुगर पाहिली होती आणि ती 192 निघाल्यामुळे सगळे निर्धास्त होते. उपासाने पित्त झाले असेल, असे त्यांनी धरले होते. आमच्या फिजिशियनना तो श्वास पाहूनच शंका आली. रक्तवायूंच्या तपासणीत रक्ताचा सामू (पीएच; तो जितका खाली, तितकी आम्लता जास्त) 7.14 आला, जो एरवी 7.35 च्या खाली जात नाही, आणि लघवीत बुडविलेली किटोनची, म्हणजे चरबीपासून यकृतात बनणाऱ्या आम्ल पदार्थांची, फिकट पट्टी पाहता पाहता गडद जांभळी झाली. निदान झाले ते किटोॲसिडोसिसचे, म्हणजे एरवी ज्या आजारात शुगर तीनशे-चारशेच्या पुढे गेलेली दिसते, त्याच आजाराचे, पण शुगर फारशी न वाढता झालेले.

औषधांच्या पिशवीत मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाबरोबर डॅपाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या औषधाची गोळी होती. तिच्याकडे बोट दाखवून डॉक्टर मला म्हणाले, “यांनी महिनाभरात काय खाल्लं ते मला नीट काढून द्या.”

मी त्यांच्या पत्नीजवळ बसले. माउली घाबरून गेल्या होत्या, तरी सारे काही सांगत होत्या.

“भाकरी बंद, भात बंद, डाळबी बंद केली बघा मॅडम. पनीर, अंडी, काकडी, दही, आन् सकाळी लोणी घालून कॉफी. म्हैना झाला असंल. वजन उतरलं, शुगर उतरली, मग आम्ही तरी काय बोलणार?”

“आणि एकादशीला?”

“साबुदाणा नको, भगर नको, रताळं नको. नुसत्या पाण्यावर काढली. आज उपास सोडायला वरणभात केला, त्यालाबी हात लावला न्हाई.”

कोडे इथे सुटले. डॅपाग्लिफ्लोझिनची ही गोळी रक्तातील ग्लुकोज लघवीवाटे बाहेर टाकते. दिवसाला साधारण 60 ते 70 ग्रॅम ग्लुकोज अशा रीतीने शरीराबाहेर जाऊ शकते. अनेक रुग्णांना तिचा फायदा होतो आणि हृदय व मूत्रपिंड यांनाही तिने संरक्षण मिळते, म्हणून ती आज मोठ्या प्रमाणात दिली जाते. पण पोटात पिष्टमय अन्न जवळजवळ जातच नाही आणि जे थोडे ग्लुकोज आहे तेही लघवीतून चालले आहे, अशी स्थिती आली की इन्शुलिनची पातळी खाली जाते, त्याच्या उलट काम करणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाची वर जाते आणि यकृत चरबीपासून किटोन बनवीत सुटते. त्यात पाण्यावर काढलेल्या उपासाची आणि उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होण्याची भर पडली की रक्ताची आम्लता वाढते. शुगर मात्र बरी दिसत राहते, आणि हाच या आजारातला सर्वांत मोठा धोका आहे, कारण घरच्यांचे लक्ष त्या एकाच आकड्यावर असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच, लघवीवाटे ग्लुकोज टाकणाऱ्या या गटातील गोळ्यांबाबत हा इशारा दिला होता.

उपचार सुरू झाले तेव्हा रुग्णाचे थोरले बंधू संतापले. एका हाताला इन्शुलिन आणि दुसऱ्या हाताला ग्लुकोजचे सलाईन, हे पाहून, “शुगरच्या माणसाला ग्लुकोज कसं काय लावता?” असे ते विचारू लागले. त्यांचा राग अगदी स्वाभाविक होता. किटोन बनणे थांबवायचे तर इन्शुलिन हवे, आणि शुगर आधीच दोनशेच्या आत असताना नुसते इन्शुलिन दिले तर ती धोकादायक रीतीने खाली जाईल, म्हणून सोबत ग्लुकोज द्यावे लागते, हे मी त्यांना कागदावर काढून समजावले. ज्या पदार्थाला त्या घरात महिनाभर विष म्हटले जात होते, तोच त्या रात्री शिरेतून थेंबाथेंबाने औषध म्हणून जात होता.

रुग्णाचा मुलगा शिकलेला, वडिलांच्या काळजीपोटीच त्याने हा आहार सुचविला होता. त्याला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही, कारण त्याने मोबाईलवर ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत थोडेथोडे तथ्य होते. डाळी-कडधान्यांत लेक्टिन नावाचे प्रथिन असते आणि ते आतड्याला इजा करते, असे तो म्हणाला. कच्च्या राजम्याबाबत हे खरे आहे. अर्धवट तापविलेला राजमा तर कच्च्याहूनही अधिक त्रास देतो. मात्र तो पाच-सहा तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून किंवा कुकरमध्ये मऊ शिजवला की हा घटक निष्प्रभ होतो, आणि आपल्या घरात कच्चे वरण कोणी खात नाही. धान्य-कडधान्यांतील फायटिक आम्ल लोह अडवते, हेही खरे. म्हणून तर मटकीला मोड आणायचे आणि उसळीवर लिंबू पिळायचे, कारण मोड आल्याने हे आम्ल कमी होते आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. कडधान्यांतील खरा अपवाद दाखवायचा तर मी विदर्भातील लाखोळी डाळीचे नाव घेईन. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत, आणि त्यामुळेच 1961 मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आणली गेली. त्या एका डाळीचा ठपका तूर, मूग, हरभऱ्यावर ठेवता येत नाही.

“पण धान्य म्हणजे शेवटी साखरच ना?” हा त्याचा शेवटचा प्रश्न होता, आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, हे बरोबर आहे. परंतु त्या किती वेगाने तुटतात यावर सारे अवलंबून असते. टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी 1981 मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कोणता पदार्थ शुगर किती वाढवतो हे मोजण्याची, कल्पना मांडली ती याच निरीक्षणावरून, आणि हरभऱ्याची डाळ त्या मोजमापात अगदी खालच्या पायरीवर बसते. मैद्याचा पाव आणि हरभऱ्याची उसळ या दोहोंना “कर्बोदके” या एकाच शब्दात गुंडाळून दोन्ही ताटाबाहेर काढणे, हे मला शास्त्राला धरून वाटत नाही.

कर्बोदके कमी केल्याने मधुमेही व्यक्तीची शुगर उतरते, हे मात्र मी कधीच नाकारत नाही. आपल्या लोकांच्या ताटात धान्य जास्त आणि डाळ कमी असते, ही तक्रार रास्त आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनेही एकूण उष्मांकांपैकी धान्यातून 45 टक्क्यांपेक्षा अधिक येऊ नयेत, असे सांगितले आहे. पण धान्य कमी करणे आणि धान्य व डाळ दोन्ही शून्यावर आणणे, तेही औषधे तशीच चालू ठेवून व डॉक्टरांना न कळवता, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

थोरल्या बंधूंना माझे हे बोलणे इतके पटले की ते दुसऱ्या टोकाला गेले. “आमच्या आज्यानं जन्मभर भाकरीच खाल्ली, कालवणाला मिरचीचा ठेचा, त्याला कुठं काय झालं?” आजोबा दिवसभर नांगरामागे चालत होते, हे मी त्यांना सांगितलेच, पण दख्खनच्या ज्वारीपट्ट्यात जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा हा पोषणाच्या कमतरतेचा रोग होत असे, मानेवरची आणि हातांवरची उन्हात येणारी कातडी काळवंडून सोलत असे, जुलाब लागत, काहींची बुद्धी भ्रमत असे, हेही सांगितले. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास या रोगाचा ज्वारीशी असलेला संबंध अभ्यासला होता. भाकरीजवळ वरण हवे, पालेभाजी हवी, जमल्यास शेंगदाणे आणि ताक हवे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते तुरीच्या डाळीत भरपूर असते. आपल्याकडे ही जोडी पिढ्यान् पिढ्या टिकली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सामू सुधारला आणि उलट्या थांबल्या. इन्शुलिनचे सलाईन बंद करण्यापूर्वी रुग्णाने तोंडाने पिष्टमय अन्न घेतलेच पाहिजे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. आधी मुगाचे कढण, संध्याकाळी मुगाच्या डाळीची आसट खिचडी, असे करत तिसऱ्या दिवशी मी भाकरी मागविली. आमच्या स्वयंपाकघरातील मावशींना 60 ग्रॅम पीठ काट्यावर मोजून घ्यायला लावले, म्हणजे तिच्यात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके येतात. ताटात ती भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मेथीची भाजी आणि काकडी होती. ते गृहस्थ भाकरीला हात लावेनात. शेतात ज्वारी पिकविणारा माणूस भाकरीकडे असा भेदरून पाहतो, हे मला फार लागले. “आधी भाजी आणि वरण खा, मग भाकरी तोडा, आणि दोन तासांनी आपण दोघे मिळून शुगर पाहू,” असे मी म्हटले. दोन तासांनी यंत्रावर 171 आले. इन्शुलिन चालू होते, त्यामुळे त्या आकड्याचे श्रेय एकट्या भाकरीच्या मापाला देता येणार नाही, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितले. तरी त्यांनी तो आकडा मुलाला दोनदा वाचायला लावला.

डॅपाग्लिफ्लोझिन त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले. घरी जाताना प्रत्येक जेवणाला मोजलेल्या पिठाची एक भाकरी, दोन्ही वेळा वरण किंवा उसळ, भात आठवड्यातून दोनदा, आणि अंडी-पनीर पूर्वीसारखेच, असा तक्ता मी दिला. मुलाने साखर, मैदा आणि बिस्किटे बंद करविली होती, ते तसेच ठेवायला सांगितले, कारण तेवढे काम त्याने अगदी योग्य केले होते.

त्यानंतर फिजिशियनशी बोलून आम्ही एक मराठी पत्रक तयार केले. या गटातील गोळी ज्याला लिहून दिली जाते, त्याच्या हाती ते औषधाच्या चिठ्ठीबरोबर पडते. धान्य आणि डाळ एकदम सोडू नका. कडक उपास करण्यापूर्वी, उलट्या-जुलाब झाल्यास, आणि शस्त्रक्रिया ठरल्यास तिच्या किमान तीन दिवस आधी, गोळीविषयी डॉक्टरांना विचारा. मळमळ, पोटदुखी आणि धाप असेल तर शुगर चांगली दिसत असली तरी किटोनची तपासणी करून घ्या, एवढेच त्यावर मोठ्या अक्षरांत छापले आहे. कार्तिकी एकादशीच्या आधीच्या पंधरवड्यात बाह्यरुग्ण विभागातल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला मी स्वतः ते वाचून दाखविले.