तुम्ही विचारलंत म्हणून: एका बोटीला दोन माणसं कशाला?

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो हे कळलं की लोक आधी विचारतात, ॲव्हरेज किती देते? दुसरा प्रश्न मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्यापासून मागे लागलाय: एवढ्याशा बोटीत दोन-दोन माणसं कशाला? एकाला चालवता येत नाही?

येते की, पाणी सपाट असेल तर. खुल्या समुद्रातल्या मोठ्या बोटींवर मात्र एक जण चाक धरतो आणि दुसऱ्याचा हात फक्त थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर असतो. माझ्या मते शर्यत जिंकतो तो हा दुसराच.

वारा असताना मांडव्याला स्पीडबोटीनं गेला असाल, तर हे तुम्ही ऐकलंय. बोट लाटेवरून उडते, इंजिन क्षणभर किंचाळतं, मग बूड असं आपटतं की मणके मोजून घ्यावेत. किंचाळतं तेव्हा बोटीला ढकलणारा पंखा पाण्याबाहेर आलेला असतो. पाण्याचा भार सुटला की इंजिन बेफाम फिरतं, आणि तशा वेगात पंखा पुन्हा पाण्यात घुसला की सगळा हिसका गिअरवर आणि शाफ्टवर. असा एक गिअरकेस मी उघडला होता. तेलात चंदेरी चुरा आणि तळाशी पिनियनचे, म्हणजे छोट्या दातेरी चाकाचे तीन दात. मालक म्हणाला, "लाट लागली." लाट कसली? थ्रॉटल सोडला नव्हता.

शर्यतीतला माणूस बोट उडताच थ्रॉटल सोडतो आणि टेकताटेकता पुन्हा देतो, लाटेगणिक.

1960 साली मायामी-नसाऊ शर्यत 'मॉपी' या बोटीनं जिंकली ती बोटींचे आराखडे करणाऱ्या रे हंटच्या खोल व्ही आकाराच्या बुडामुळे. त्यानं आपटणं सुसह्य झालं, थांबलं नाही.

पूर्वी वाट दाखवायला तिसराही असायचा. 23 ऑगस्ट 1987 ला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळ दिदिए पिरोनीची बोट टँकरनं उठवलेल्या लाटांवर उलटली आणि तिघेही गेले. पिरोनी म्हणजे फेरारीतून फॉर्म्युला वन शर्यती जिंकलेला माणूस! पण रस्त्यातला खड्डा जागेवर असतो, पाण्यातला अंगावर चालून येतो.

मांडव्याच्या फेरीवरचा आमचा पोरगा एका हातानं चाक, दुसऱ्यानं थ्रॉटल सांभाळतो. फोन वाजला तर तोही घेतो. गिअरकेस माझ्याकडे येतात ते असे.