वहीत चिकटवलेली नळी

माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूवर काम करत होते. त्या सोमवारी स्लाइड्सचे सांकेतिक क्रमांक उघडायचे होते. कुठली स्लाइड कुठल्या पक्ष्याची, हे मुद्दाम कळू न देता चार महिने अंधाऱ्या खोलीत बसून मी पेशी मोजल्या होत्या.

मोजायचं काय, तर हिरवं कडं आणि त्याच्या आत लाल ठिपका. हिरवा रंग सांगतो की ही पेशी न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी आहे. लाल सांगतो की आम्ही खुणेचं रसायन टोचलं त्या तीन दिवसांतच तिचा जन्म झाला. दोन्ही एकत्र दिसले, की पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यात जन्मलेला एक नवा न्यूरॉन. पहिल्यांदा असं कडं सापडलं तेव्हा मी कितीतरी वेळ फोकस मागेपुढे करत नुसती बघत राहिले होते. मेंदूतली पेशी एकदा गेली की गेली, असंच आम्ही शाळेत शिकलो होतो. रॉकफेलर विद्यापीठातल्या स्टीव्हन गोल्डमन आणि फर्नांडो नॉटबोम यांनी १९८३ मध्ये प्रौढ कॅनरी माद्यांच्या मेंदूत, गाण्याचं नियंत्रण करणाऱ्या एचव्हीसी या भागात, नवे न्यूरॉन दाखवले तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांनाही ते पटलं नव्हतं.

पण मला ओढ होती ती पुढच्या प्रश्नाची. मेंदूतल्या पोकळीच्या भिंतीवर जन्मलेल्या या पेशी वाट काढत एचव्हीसीत पोचतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मरून जातात. मग उरलेल्या कशाच्या जोरावर जगतात? एस. रसिका, आल्वारेझ-बुईया आणि नॉटबोम यांचा १९९९ चा शोधनिबंध मी इतक्यांदा वाचलाय की त्यातल्या आकृत्या डोळे मिटून काढू शकेन. मादीला टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक दिलं तर जास्त नवे न्यूरॉन टिकतात. टेस्टोस्टेरॉन न देता बीडीएनएफ हा वाढीचा घटक थेट एचव्हीसीत सोडला तरी टिकतात. आणि टेस्टोस्टेरॉन देऊन बीडीएनएफला प्रतिपिंडांनी अडवलं, तर हा फायदा नाहीसा होतो. संप्रेरकाचा निरोप पेशीपर्यंत पोचवतं ते बीडीएनएफ. पुढे २००२ मध्ये गोल्डमन यांच्या गटाने मधली कडीही दाखवली: टेस्टोस्टेरॉनमुळे एचव्हीसीत रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक वाढतो, नव्या केशवाहिन्या तयार होतात आणि त्यांच्या भिंतीतल्या पेशी बीडीएनएफ तयार करतात. मला यातली ही कडी सगळ्यात सुंदर वाटते. कोवळ्या न्यूरॉनला जगवणारं अन्न शेजारची रक्तवाहिनीच शिजवते!

तर सोमवारी यादी उघडली. टेस्टोस्टेरॉन दिलेल्या सहा माद्यांपैकी पाचजणींचे आकडे भरघोस. सहावी, सतरा नंबरची, मात्र टेस्टोस्टेरॉन न दिलेल्या माद्यांच्या रांगेत जाऊन बसलेली. पोटात गोळा आला. मोजणीत चूक? रंग नीट चढला नव्हता? स्लाइड परत लावली. खुणेचा लाल रंग पोकळीच्या भिंतीजवळ उत्तम होता. एचव्हीसीत मात्र हिरव्या कड्यांत लाल ठिपके अगदी तुरळक.

तो आकडा गाळून टाकावा, असं क्षणभर मनात आलं. सांकेतिक क्रमांक उघडल्यावर नको असलेला आकडा गाळणं म्हणजे शुद्ध लबाडी. म्हणून आधी पक्ष्यांच्या खोलीतली रोजची वही काढली.

ती वही आमच्या पक्षी सांभाळणाऱ्या बाई लिहायच्या. वीसेक वर्षं तेच काम. दाणे किती, पाणी बदललं का, कोण गातंय, कोण गप्प. (माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की त्या नरासारख्या गाऊ लागतात, त्यामुळे ही नोंद फार मोलाची.) सतरा नंबरच्या पानावर, खुणेचं रसायन टोचल्यापासून तेरावा दिवस: ‘आज पहिल्यांदा गायली.’ सतराव्या दिवसासमोर चिकटपट्टीखाली सेंटीमीटरभर लांबीची एक पारदर्शक नळी डकवलेली. शेजारी लिहिलेलं: ‘पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये सापडली. ही तुमची का?’

ती आमचीच होती. टेस्टोस्टेरॉन भरून, दोन्ही टोकं बंद करून मीच कातडीखाली ठेवलेली कॅप्सूल. टाका सुटून ती बाहेर पडली होती. त्या आठवड्यात मी परिषदेला गेले होते आणि परत आल्यावर वही वाचली नाही. शेवटी मेंदू काढताना कॅप्सूल जागेवर आहे ना, हे तपासायचा रकानाही मी कोरा सोडला होता. दोन्ही चुका माझ्या.

दिवसांचा हिशेब मांडला तेव्हा अंगावर काटा आला. सतराव्या दिवशी त्या नव्या पेशी चौदा ते सतरा दिवसांच्या होत्या. आल्वारेझ-बोर्डा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की जन्मानंतर चौदा ते वीस या दिवसांत बीडीएनएफ मिळालं तर न्यूरॉनचं आयुष्य वाढतं. आधी किंवा नंतर दिलं तर तसा परिणाम दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांच्या उंबरठ्यावर सतरा नंबरची रसद तुटली होती. एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे आणि प्रबंधातही मी तसंच लिहिलं. पण कागदावर वाचलेलं हे वेळापत्रक त्या दिवशी मला एका विशिष्ट जिवाच्या मेंदूत दिसलं.

दुपारी मार्गदर्शक बाईंसमोर वही ठेवली. नोंद मोजणीच्या आधीची, तारखेसह. त्यांनी सतरा नंबर गटातून वगळायचा, पण आकडा आणि कारण दोन्ही प्रबंधात छापायचं, असं ठरवलं.

संध्याकाळी पक्ष्यांच्या खोलीत गेले आणि सांभाळणाऱ्या बाईंची माफी मागून सगळं सांगितलं. त्या हातातलं दाण्याचं भांडं न ठेवता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ती चारच दिवस गायली.”

मी वही उघडून परत मोजलं. चारच.