तुम्ही विचारलंत म्हणून : सीपी किती धरायची?

चिंचोळी एमआयडीसीतल्या प्लँटमधून हा प्रश्न नेहमी येतो. सॉल्व्हंटची सीपी, म्हणजे विशिष्ट उष्मा (एक किलो द्रव एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, किलोज्यूलमध्ये), तक्त्यात सापडत नाही, सरसकट २.५ धरली तर चालेल का?

नुसतं तापवायचं असेल तर फार बिघडत नाही. स्टीम जास्त धरली जाते, रिअॅक्टरभोवतीचं तापवायचं जॅकेट मोठं निघतं. पण अभिक्रिया उष्णता सोडणारी असेल, तर हाच आकडा घात करतो.

टोल्युईन या सॉल्व्हंटमधली बॅच घ्या. मे महिना, ड्रम उघड्यावर, मिश्रण ४० अंशांवर. अभिक्रियेतून किलोमागे १७० किलोज्यूल सुटतात आणि कूलिंग बंद पडतं. २.५ धरली की तापमान ६८ अंशांनी वाढून १०८ वर थांबतं. टोल्युईन ११०.६ ला उकळतं, म्हणजे कागदावर निभावलं. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात सीपी १.८५ च्या आसपास असते. वाढ ९२ अंशांची, हिशेब जातो १३२ वर. म्हणजे त्याआधीच रिअॅक्टर उकळायला लागलेला असतो, आणि व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर सोडायची वाट, तेवढ्या वाफेच्या हिशेबाने ठेवलेलाच नसतो.

म्हणून रेणूचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या सीपीतल्या वाट्याची बेरीज करा. च्यूह-स्वान्सन पद्धत २० अंशांची किंमत देते. टोल्युईनच्या रिंगमधले पाच सीएच (कार्बन-हायड्रोजनचे गट) प्रत्येकी २२.२, मिथाईल जिथे जोडलाय तो कार्बन १२.१, मिथाईल ३६.८. बेरीज १५९.९ ज्यूल, प्रति मोल प्रति केल्व्हिन. रेणुभार ९२.१४ ने भागा : १.७४. मोजलेली १.७ च्या जवळ आहे. चार ओळींच्या हिशेबाला एवढी अचूकता पुष्कळ झाली.

चुका मात्र ठरलेल्या. घाईत वायूच्या तक्त्यातला आकडा उचलला जातो. टोल्युईनच्या वाफेची सीपी २५ अंशांना १.१३ च आहे. जुन्या तक्त्यांत कॅलरी असतात, ४.१८४ ने गुणायचं राहून जातं. तापमानाबरोबर द्रवाची सीपी वाढते, तेही विसरलं जातं.

मिश्रणाला वजनाच्या प्रमाणात सरासरी चालते, पण पाणी-अल्कोहोलला नाही. पाण्यात थोडं इथेनॉल असेल तर सीपी शुद्ध पाण्यापेक्षाही जास्त भरते.

नवं इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या टप्प्यावरचं रसायन, असेल, तर सुरक्षेच्या हिशेबात अंदाजातून पाच-दहा टक्के वजा करा, आणि पहिल्या मोठ्या बॅचआधी नमुना कॅलरीमीटरवर मोजून घ्या.